फ्लायव्हीलचं निर्लेखन

आमच्या कॉलेजात डेडस्टॉक रजिस्टर नावाची एक जाडजूड वही आहे. लाल कापडी बांधणी, झिजलेले कोपरे, पानांना कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास. प्रयोगशाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू या वहीत चढते आणि निर्लेखन होईपर्यंत वहीच्या लेखी जिवंत राहते, मग ती प्रत्यक्षात वीस वर्षं मोडून पडलेली का असेना. यंदा फिजिक्सच्या निर्लेखनाची यादी नव्या मॅडमनी तयार केली. सतरा वस्तू. विभागप्रमुख म्हणून सही माझी. मी पेन उघडलं आणि आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी, ज्यांना पहिल्या वर्षाच्या पोरांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे मामाच म्हणतात, नऊ नंबरवर बोट ठेवलं.

"सर, ह्ये न्हाई जायाचं."

नऊ नंबरला फ्लायव्हील होतं.

ज्यांनी बीएस्सी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिंतीत पक्क्या बसवलेल्या ब्रॅकेटवर एक लोखंडी चाक. व्यास २४ सेंटीमीटर, वजन सहा किलो, मधून अडीच सेंटीमीटर जाडीचा दांडा, दांड्यावर एक बारीक खुंटी. दोरीचा फास खुंटीत अडकवायचा, दांड्यावर आठ वेढे द्यायचे, दुसऱ्या टोकाला अर्ध्या किलोचं वजन लावायचं. सोडलं की वजन ६३ सेंटीमीटर खाली येतं, चाक वेग घेतं, फास निसटून दोरी खाली पडते आणि चाक आपलं आपण फिरत राहतं. ते थांबेपर्यंतचे फेरे मोजायचे आणि वेळ घ्यायची. एवढ्यावरून चाक फिरवायला आणि थांबवायला किती हट्टी आहे ते, म्हणजे त्याचं जडत्वाघूर्ण, काढायचं. हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. पोरं 'एमआय' म्हणतात, मामा 'इनर्शा' म्हणतात.

मॅडमनी उत्तराऐवजी जर्नलांचा गठ्ठाच टेबलावर ठेवला.

"मामा, या गेल्या तीन वर्षांच्या वह्या. सगळ्यांचे फेरे चाळीस. सगळ्यांची वेळ ४६ सेकंद. एकाचं ४५ नाही की ४७ नाही. हा प्रयोग तीन वर्षांत कुणी केलेलाच नाही. मग ते चाक भिंतीवर कशाला ठेवायचं? शोभेला?"

"चाळीस आन् ४६ माझंच हाय," मामा शांतपणे म्हणाले. "डाव्या ड्रॉवरात चिठ्ठी हाय. परीक्षेला बाहेरचे सर येत्यात, पोरगं घामाघूम हुतं, मग आपणच सांगतो, बाबा, एवढं लिही."

हे मला ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं वागायची कला विभागप्रमुखाला लवकर येते.

"म्हणजे तुम्हीच प्रयोग मारलात आणि आता तुम्हीच वाचवा म्हणताय."

"थांबा की मॅडम. दिवाळीच्या सुट्टीत मी बेअरिंग खोललं. रॉकेलनं धुतलं. आत काळा चिकटा साठला हुता, सगळा काढला, नवं ऑइल घातलं. चला, बघा."

आम्ही तिघं भिंतीपाशी गेलो. मामांनी चाकाच्या कडेवर खडूची रेघ मारली आणि दोरीचे आठ वेढे एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी दिले. हे वेढे देणं बघण्यासारखं असतं, नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी हात आपोआप चालतो. वजन सोडलं. दोरी टपकन खाली पडल्याबरोबर मॅडमनी मोबाइलचं स्टॉपवॉच चालू केलं. मामा तोंडानं मोजत होते. चाळीस आले आणि गेले, चाकाला पर्वा नव्हती. सत्तरनंतर ते रेंगाळायला लागलं. नव्वदाव्या फेऱ्याला खडूची रेघ वर चढली, क्षणभर थबकली आणि थांबली. ९९ सेकंद.

"आता ज्येच्या वहीत चाळीस, त्येनं चाकाला हात लावला न्हाई. आता पकडा."

मॅडम हसल्या. पण त्यांनी कॅल्क्युलेटर उघडला होता आणि मला वाटतं, त्या दुपारची खरी गोष्ट तिथे घडली. जुन्या आकड्यांवरून उत्तर येतं ०.०४३. नव्या आकड्यांवरूनही ०.०४३. फेरे दुपटीहून जास्त, वेळ दुपटीहून जास्त, आणि चाकाचा एमआय जिथल्या तिथे. मॅडमनी दोनदा करून बघितलं. सूत्र त्यांना पाठ होतं, शिकवतही होत्या. तेलाच्या आधी आणि तेलाच्या नंतर असं एकाच चाकावर ते कधी पाहिलेलं नव्हतं. मीही नाही.

यात जादू काही नाही. खाली येणारं वजन जी ऊर्जा देतं, तिच्यातली काही चाकात जाते आणि काही बेअरिंगचं घर्षण खातं. पहिल्या आठ वेढ्यांत त्यानं किती खाल्लं हे सरळ मोजता येत नाही. पण दोरी सुटल्यावर चाकाला थांबवणारं दुसरं कुणीच नसतं, सगळं घर्षणच खातं. म्हणून दर फेऱ्याचा खाण्याचा दर निघतो आणि तोच मागच्या आठ फेऱ्यांना लावता येतो. जुन्या चिकट्यात वजनाच्या ऊर्जेचा सहावा हिस्सा जात होता, धुतल्यावर बारावा. हिशेबात दोन्ही वेळा तो वजा होतो. उपकरणानं आपला दोष आपणच कबूल करावा आणि त्यासकट उत्तर खरं यावं, असं प्रयोगशाळेत फार ठिकाणी घडत नाही.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, "चाक राहू दे. पण मामा, माझा मुद्दा अजून तिथेच आहे. ०.०४३ म्हणजे काय, हे एका पोराला विचारून दाखवा."

मामा गप्प.

"माझ्या माहेरी कडबाकुट्टी आहे. हाताची, मोठ्या चाकाची, दोन पाती बसवलेली. मी सहा वर्षांची असेन. वडिलांनी दांडा सोडला, तरी चाक फिरतच होतं. मी ते थांबवायला हात पुढे केला. वडिलांनी मला दंडाला धरून मागे ओढलं आणि पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. चाक सोडल्यावर लगेच थांबत नसतं, हे त्या दिवशी मला कळलं. आकडा नव्हता, पण कळलं. पुढे अकरावीत सूत्र आलं तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही, कारण ते चाक मला आधीच माहीत होतं. या मुलांच्या अंगात आधी काहीतरी जाऊ द्या, मग मोजा."

मी इथे तोंड घातलं. म्हटलं, वजन कडेला असलं की चाक हट्टी होतं, हे कुंभाराला कुणी शिकवावं लागत नाही. शेतावरचं जुनं इंजिन हँडल मारून चालू करणाऱ्यालाही लागत नाही. दाब घेणारा फेरा जड जातो, तो ओलांडायला ते मोठं चाकच मदत करतं. मामा म्हणाले, "सर, ती इंजनं आता कुणाच्यात राहिली? पोरं मोटरचं बटण दाबत्यात." बरोबर होतं. आमचे दाखले आमच्याच पिढीचे.

मॅडमना हवं होतं ते असं: माणूस उभा राहू शकेल अशी फिरती चौकी, दोन डंबेल्स आणि हातात धरता येईल असं मुठीचं सायकलचं चाक. त्यांनी अंबाल्याच्या तीन पुरवठादारांची कोटेशनं मागवलेली होती. हरियाणातल्या या गावाहून देशभरच्या शाळा-कॉलेजांत उपकरणं जातात, आमचं निम्मं कपाटही तिथलंच आहे. मामांनी चष्मा वर करून किंमत वाचली.

"ह्ये सायकलचं चाक हाय न्हवं?"

"हो. जायरोस्कोप म्हणून."

"मॅडम, एवढ्यात दोन चाकांची सायकल येती. वर घंटी फुकट."

इथून वादाची बाजूच बदलली. इतका वेळ कॅटलॉगमधल्या जुन्या उपकरणाची वकिली करणारे मामा आता भंगाराच्या बाजूला गेले आणि मुलांच्या अंगात भौतिकी उतरवू पाहणाऱ्या मॅडम पावती, हमी आणि डेडस्टॉकची नोंद मागू लागल्या. मॅडम शाळेत असताना सहलीला पुण्याच्या आयुकात गेल्या होत्या. तिथल्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून केलेले आकार त्यांनी हातात धरलेले. "पण ते शाळेसाठी," त्या म्हणाल्या. "पदवीच्या वर्गाला भंगारातलं चाक दिलं तर मुलं हसतील." मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. मुलं हसत नाहीत. हसतात ते तपासणी समितीवाले.

चाकाच्या आधी चौकीचा प्रयोग झाला, आणि त्यात एका खुर्चीनं आम्हा तिघांची फजिती केली. मॅडमनी ऑफिसातली फिरती खुर्ची आणली, एका विद्यार्थिनीला बसवलं, दोन्ही हातांत दोन-दोन किलोची वजनं दिली. हात पसरून फिरवलं. हात जवळ घेतल्यावर वेग वाढायला हवा होता. खुर्ची दीड फेऱ्यात करकरत थांबली.

"खुर्ची बसायला असती," मामा म्हणाले. "आत नुसतं बुश हाय. फिरायला छर्रे लागतात."

आठवड्याभरात त्यांनी गावातल्या गॅरेजमधून एक थ्रस्ट बेअरिंग आणलं, प्लायवुडच्या दोन गोल पाट्यांमध्ये बसवलं आणि खाली रबरी पाय ठोकले. त्याच विद्यार्थिनीला उभं केलं. मॅडमनी तिची ओढणी कमरेला घट्ट बांधायला लावली, ही काळजी आम्हा पुरुषांना सुचली नसती. हात पसरून तिला हळूच ढकललं, तिनं वजनं छातीशी घेतली आणि ती जी गरकन फिरली, ती "सर, सर, धरा" म्हणत खाली उतरली. गणित केलं तर वेग साधारण अडीचपट व्हायला हवा, पण तिच्या चेहऱ्यावर अडीच नव्हतं, दहापट होतं. मग पूर्ण बॅचनं रांग लावली. प्रॅक्टिकलला रांग लागलेली मी नोकरीत पहिल्यांदा पाहिली.

मामा मात्र भिंतीला टेकून उभे. "मॅडम, जत्रेत पाळण्याला बी रांग असती. काय मोजलं?"

"सगळं मोजायलाच हवं का?"

"मोजलं न्हाई तर पुढच्या वर्षी आठवती फक्त चक्कर."

जडत्वाच्या एका प्रयोगावर मात्र दोघांचं एकमत आहे, म्हणून तो उगाच लांबवत नाही. एक किलोचं वजन दोऱ्यानं टांगायचं, खालून तसाच दुसरा दोरा बांधायचा. खालचा हळूहळू ओढला तर वरचा तुटतो, कारण त्याच्यावर वजन आणि ओढ दोन्ही. हिसका दिला तर खालचा तुटतो, वजनाला हलायला वेळच मिळत नाही. सुती दोराच घ्यावा, नायलॉन ताणतो आणि घोटाळा करतो, ही मामांची भर. कॅटलॉगात पेला, पुठ्ठा आणि स्प्रिंगची पट्टी घेऊन येणारा 'इनर्शिया अपरेटस' मिळतो. तो घेऊ नका. कॅरमच्या सोंगट्यांची चळत लावून खालची स्ट्रायकरनं उडवली तर तेच होतं, आणि नेम शिकायला मिळतो ते वेगळं.

उतारावरच्या शर्यतीवरून एकदा जुंपली, तीही चांगली. मॅडमनी दीड मीटरची फळी पाच अंशांवर ठेवली आणि वरून सेलोटेपचं रिकामं कडं आणि कॅरमचा स्ट्रायकर एकदम सोडले. वर्गातली बहुतेक मुलं म्हणाली, जड तो आधी येईल. स्ट्रायकर आधी आलाही, पण जड म्हणून नव्हे. मॅडमनी मग काचेची बांगडी आणि लोखंडी कडं सोडलं, दोन्ही बरोबर पोचली. वस्तुमान कुठे आहे ते महत्त्वाचं, किती आहे ते नव्हे. मामा म्हणाले, वेळ घ्या. घेतली. कड्याला २.६५ सेकंद, स्ट्रायकरला २.३०. कागदावरचं गणित हेच सांगतं. गॅलिलिओनंही उतारावरून गोळे सोडले आणि १६३८ च्या ग्रंथात त्याबद्दल लिहिलं. पण गोळा नुसता घसरत नाही, फिरतोही, आणि त्या फिरण्याला उताराच्या कमाईतला वाटा द्यावा लागतो, हा हिशेब त्याच्याकडे नव्हता. सेलोटेपच्या कड्याकडे तो आहे.

चाकाचं काय झालं, ते सांगायला हवं. मामांनी स्टँडसमोरच्या सायकलवाल्याकडून २८ इंची जुन्या सायकलचं पुढचं चाक आणलं. टायर काढला, रिमच्या खोबणीत बांधकामाची बायंडिंग तार गच्च गुंडाळली म्हणजे कड जड झाली. सायकलवाल्यानं दोन आरे बदलून रिमचा आऊट काढून दिला. आसाच्या दोन्ही टोकांना पाइपचे तुकडे, धरायला. एका टोकाला दोरी बांधून चाक छताच्या हुकाला टांगलं. मॅडमनी चाक उभं धरून जोरात फिरवलं आणि दुसऱ्या टोकाचा हात सोडला.

चाक पडलं नाही. एका बाजूला दोरी, दुसऱ्या बाजूला हवा, आणि सहा-सात फुटांवर ते आडव्या आसावर तरंगल्यासारखं सावकाश गोल वळत राहिलं. मामांचं तोंड उघडं होतं. ते एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत आहेत.

"पडत का न्हाई?"

"वजन त्याला पाडायलाच बघतंय मामा. फिरत नसतं तर पडलंच असतं. पण फिरणाऱ्या चाकाला आसाच्या रेषेत एक दिशा असते. पाडणारं बळ त्या दिशेत आडवी भर घालतं, म्हणून आस खाली जात नाही, बाजूला सरकतो. तुम्ही भोवरा खेळलात ना?"

"न्हाई तर काय! जाळी गुंडाळून. जोरात असला की भोवरा झोपायचा. हलायचा बी न्हाई. मग उठताना डुलायचा." मामा चाकाकडे बघत राहिले. मग अचानक म्हणाले, "मॅडम, थांबा. ह्ये चाक मंदावलंय, आन् वळतंय जास्त जोरात. उलटं न्हाई का?"

उलटं नव्हतं, पण मी ते आपणहून पाहिलं नव्हतं, आणि प्रामाणिकपणे सांगतो, मॅडमनीही त्या क्षणी पाहिलं नव्हतं. आमचं दोघांचं लक्ष न पडण्यावर होतं. मामांनी एका आऱ्याला पांढरी फीत बांधली, एका पोरानं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. चाक सेकंदाला तीन फेरे घेत असताना एक पूर्ण वळण अकरा सेकंदांचं. दोन फेऱ्यांवर आलं तेव्हा सव्वासात. दीडवर साडेपाचच्या आत. वळणाचा वेळ भागिले फेऱ्यांचा वेग, दर वेळी साडेतीन आणि पावणेचारच्या मधे. मामांनी ते पेन्सिलनं भिंतीवर लिहिलं, जिथे फ्लायव्हीलचे जुने आकडे लिहिलेले होते, त्याच्याच खाली.

"फुकोनं १८५२ मध्ये असंच चाक फिरवून पृथ्वी फिरते हे दाखवलं," मॅडम म्हणाल्या. "जायरोस्कोप हे नाव त्यानंच दिलं."

"दाखवलं का मोजलं?"

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही." त्या दिवसानंतर मला त्या दोघांत पूर्वीसारखं भांडण ऐकू आलं नाही. तरी समेट झाला असं म्हणणार नाही. मॅडम अजून आधी चौकी, मग आकडे म्हणतात. मामा आधी आकडे. मॅडमच्या बॅचला पहिल्या तासाला चौकी मिळते आणि माझ्या बॅचला फ्लायव्हील, कारण माझ्या बॅचचं टाइमटेबल मामा लावतात.

एक गोष्ट मात्र मी बदलली. जर्नलमध्ये प्रमाण उत्तराशी जुळणारं उत्तर लिहिणाऱ्याला आम्ही पूर्ण गुण देत होतो. पोरांनी चिठ्ठी मागावी, ही सोय आम्हीच केली होती. आता फ्लायव्हीलचे गुण कच्च्या निरीक्षणांच्या पानावर आहेत, आणि मामा दर दोन महिन्यांनी बेअरिंगला कधी ऑइल घालतात, कधी घालत नाहीत, हे पोरांना आधी सांगत नाहीत. डाव्या ड्रॉवरातली चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर फाडली. निर्लेखनाच्या यादीत आता सोळा वस्तू आहेत, आणि तीनही कोटेशनं फायलीत लावून टाकली आहेत.

चौकी एक आणि चाक एक आहे, बॅचेस चार आहेत. तेव्हा तुमच्या घरी पडवीत किंवा माळ्यावर जुनी २८ इंची सायकल गंजत पडली असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी जवळच्या शाळा-कॉलेजातल्या फिजिक्सच्या मास्तरांना विचारा. पुढचंच चाक द्या. मागच्याला फ्रीव्हील असतं, ते दोन्ही बाजूंनी सारखं धरता येत नाही.